बाटलीच्या तळाशी पांढरं

भादवा लागला की भिलाईच्या रिसालीतल्या आमच्या कॉलनीत दोन वास एकदम येतात. तीजाला माहेरी आलेल्या लेकींसाठी घरोघरी ठेठरी-खुरमी तळली जाते, त्या तेलाचा एक. दुसरा ब्लीचिंग पावडरचा. पावसाळाभर झोपलेली कॉलनीची समिती गणपतीच्या तोंडावर जागी होते आणि टाकीत पांढरी पूड ओतते, नाल्यांच्या कडेने फासते, मंडपाच्या दारात रांगोळीसारखी भुरभुरते. दोन्ही वास मिळून जे तयार होतं ते मला आवडत नाही. आवडीचा प्रश्नही नाही म्हणा. पाणी तपासणं हा माझा धंदा आहे. दुर्गमधल्या एका खाजगी प्रयोगशाळेत बावीस वर्षं मी लोकांच्या विहिरी, टाक्या आणि नाले बाटलीतून पाहते आहे.

परवा टीव्हीवर ते पुन्हा दिसलं. जपानमधल्या त्या मोडलेल्या अणुभट्टीचं पाणी, ते समुद्रात सोडणं, आणि त्यावर लक्ष ठेवायला आलेली देशोदेशींची माणसं. एक बोट, हेलकावे खाणारी. नारिंगी जाकिटं घातलेले चार-पाच जण, हातात मोजे, मधे एक डबा आणि त्यातून भरल्या जाणाऱ्या बाटल्या. एकच पाणी वाटून घ्यायचं, आपापल्या देशात न्यायचं, आपापल्या यंत्रांवर मोजायचं आणि मग आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. खाली पट्टी धावत होती, वर निवेदक ओरडत होता. मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मी फक्त हात पाहत होते. बाटली कोण भरतंय, कशी भरतंय. भरणाऱ्याला कोणी काय सांगितलंय.

हे पाणी पहिल्यांदा समुद्रात सोडायला लागले, त्या वर्षीचा भादवा मला विसरता येत नाही. विसरायचा प्रयत्नही मी केलेला नाही, कारण तो प्रयत्न करणारी माणसं मला हास्यास्पद वाटतात.

त्या वर्षी आमच्या कॉलनीला एकदम समुद्र आठवला. भिलाईहून समुद्र कुठल्याही दिशेने गेलं तरी एक रात्र आणि वर अर्धा दिवस लांब. इथल्या निम्म्या लोकांनी तो जगन्नाथपुरीला एकदाच पाहिलेला, तोही पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून. पण व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरला की आता समुद्रातलं मीठ विषारी होणार, आणि तीन दिवसांत आमच्या किराणावाल्याचं दुकान मिठातून रिकामं झालं. समितीचे अध्यक्ष तिवारीजी यांनी तर पोत्याने मीठ भरून ठेवलं. भिलाईच्या भादव्यात मिठाचं पोतं! आठ दिवसांत त्याला पाझर फुटला आणि त्यांच्या वऱ्हांड्यातून खारट ओघळ फाटकापर्यंत आला. मी सकाळी स्कूटर काढताना म्हटलं, "तिवारीजी, आपका तो समंदर घर तक आ गया." ते हसले नाहीत. ज्या माणसाला स्वतःवर हसता येत नाही त्याला कॉलनीने अध्यक्ष केलं होतं, म्हणजे कॉलनीही तशीच.

मासे खाणं बंद झालं. आमच्याकडे मासे येतात ते तलावातले, रोहू आणि कतला, ज्यांच्या सात पिढ्यांनी खारं पाणी पाहिलेलं नाही. तेही बंद. मंडळाच्या बैठकीत एका गृहस्थांनी किरणोत्सर्गावर वीस मिनिटं भाषण केलं आणि शेवटी नळाचं पाणी पेलाभर पिऊन खाली बसले. त्या नळाचं पाणी त्या महिन्यात मी तरी प्यायले नसते.

कारण समुद्राची काळजी वाहणाऱ्या या लोकांच्या आपल्या गल्लीत कावीळ आली होती. आधी कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा, मग त्याची बहीण, मग इस्त्रीवाल्याची बायको. दोन्ही घरं आमच्या पाइपलाइनच्या शेपटाकडची. कॉलनीची स्वतःची बोअर, स्वतःची उंच टाकी, सकाळी सहाला अर्धा तास पाणी. लाइन टाकीपासून निघते, तिवारीजींच्या घरावरून जाते, मधे माझं घर, आणि शेवटी नाल्याला चिकटून धावत विमलवहिनींच्या घराशी संपते. नकाशा काढायची गरज नव्हती. नाल्याशेजारी पाइप, पाइपात साडेतेवीस तास पाणी नाही. रिकामा पाइप बाहेरचं आत ओढतो हे शाळेतल्या पोराला कळेल. समितीला कळत नव्हतं.

"मैडम, अपना पानी मिनरल से भी अच्छा है," तिवारीजी म्हणाले. "कोई जापान का पानी थोड़े ही है."

विमलवहिनी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. यजमान रेल्वेत गार्ड होते, सगळा संसार नागपूर-दुर्ग लाइनीवर झालेला, भाषा अजून नागपूरकडचीच. माझ्या स्वयंपाकघरात त्या न सांगता येतात आणि आल्या की आधी ओट्यावरचं फडकं धुऊन टाकतात. स्वच्छतेचं त्यांना वेड आहे. कुठलंही भांडं असो, घासलेलं असो, आत्ताच फळीवरून काढलेलं असो, पाणी भरण्याआधी ते तीनदा विसळायचं. दुसऱ्याच्या घरी प्यायला पेला दिला तरी आधी नळाखाली धरतील. आमच्या बायकांत हे असतंच, पण वहिनींचा हात त्यात जास्त चालतो.

त्या वर्षी त्यांची सून प्रीती गरोदर होती. सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं, माहेर गोंदियाला. प्रश्न एवढाच की आत्ताच पाठवायचं की गणपती, दिवाळी करून.

"मले सांग सुनंदा," वहिनी ओट्याला टेकून म्हणाल्या, "ठेवू का पाठवू? गल्लीत पिवळी होऊन राहिली पोरं. पोटुशीले झाली त मग का करावं?"

पोटुशीला झाली तर काय होतं हे मला ठाऊक होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही, मी म्हटलं, "रिपोर्ट येऊ द्या. मग सांगते."

"रिपोर्ट कोन काढते?"

"मी."

आता हे लिहिताना मला त्या 'मी'चा आवाज ऐकू येतो. तो काही चांगला आवाज नाही.

टीव्हीवर रोज ती बोट दिसत होती आणि मला, कबूल करते, ती आवडली होती. चर्चा करणारे मूर्ख होते, पण बोटीवरची माणसं काम करत होती. मी तशीच योजना आखली. कॉलनीत तीन नळ निवडले: सुरुवातीचा तिवारीजींचा, मधला माझा, शेवटचा विमलवहिनींचा. एकाच सकाळी, पाणी आल्याबरोबर, तिघांनी एकदम बाटल्या भरायच्या. कोणी म्हणायला नको की तुम्ही तुमच्या सोयीचं पाणी नेलंत. समितीच्या सभेत मी हे सांगितलं तेव्हा म्हटलंही, "जपानमध्ये जसं चाललंय तसं." लोक चकित झाले. मला बरं वाटलं.

नमुन्यांच्या बाबतीत लोक काय काय करतात हे मी चांगलं ओळखून होते. उतईकडच्या एका राइस मिलवाल्याने एकदा सांडपाण्याचा नमुना म्हणून बाटलीबंद पाणी पाठवलं होतं. रिपोर्ट इतका सुंदर आला की मी त्याला फोन करून म्हटलं, "सेठ, नाले का पानी बेचना शुरू कर दो." शाळावाले तपासणीच्या आदल्या दिवशी टाकी धुतात. आणि समित्या काय करतात? नमुन्याच्या सकाळी टाकीत मूठमूठ ब्लीचिंग टाकतात. क्लोरीन पाण्यात असतोच, तो बाटलीतही आपलं काम करत राहतो, आणि नळातून जिवंत निघालेले जंतू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मरून जातात. पाणी घाण, रिपोर्ट स्वच्छ.

या लबाडीवर आमच्याकडे साधा उपाय आहे. बाटली निर्जंतुक करण्याआधी तिच्या तळाशी एका रसायनाचे थोडे थेंब टाकतात. ते वाळून पांढरा डाग उरतो, कण कण दिसणारा. पाणी भरलं की तो विरघळतो आणि क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवतो. नळातून जसं आलं तसंच पाणी प्रयोगशाळेत पोचतं. अट एकच: बाटली विसळायची नाही.

आदल्या संध्याकाळी मी तपकिरी कागदात गुंडाळलेल्या, तोंडाला दोरा बांधलेल्या बाटल्या वाटल्या. तिवारीजींना सांगितलं, त्यांनी मान डोलावली. सकाळी माझी भरली की लगेच त्यांच्या घरची बाटलीही मी स्वतःच भरणार होते. त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता. वहिनींवर होता.

"नळ दोन मिनिटं वाहू द्या. तोटी या स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. मग कागद सोडा, भरा, बूच लावा. आणि बाटली धुवायची नाही."

"कावून?"

"सांगितलं ना, नाही म्हणजे नाही."

त्यांनी बाटली उजेडाकडे धरायला हात उचलला, पण ती कागदात होती. मी स्कूटरला किक मारली. मला घाई नव्हती. मला इतकंच वाटलं की ह्यांना काय समजावत बसायचं. क्लोरीन म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागेल, मग जंतू, मग त्या सांगतील त्यांच्या आत्याला काय झालं होतं. वीस वर्षं लोकांना नियम सांगताना मी कारण सांगणं केव्हाचंच सोडून दिलं होतं. कारण सांगितलं की लोक वाद घालतात. नियम सांगितला की मुकाट पाळतात, असा माझा समज.

सकाळी सहाला नळ आला आणि त्याबरोबर ब्लीचिंगचा असा दर्प की डोळे चुरचुरले. तिवारीजींनी आपली मूठ टाकली होती. मी गालातल्या गालात हसले. टाक बाबा, हवं तेवढं टाक. माझ्या बाटल्यांत त्याची व्यवस्था आहे. आकाश ढगाळ, कारखान्याच्या चिमण्यांचा धूर खाली दबलेला, पोळ्याचे मातीचे नांदिया बैल अजून एका घराच्या पायरीवर भिजत पडलेले. वहिनी फाटकात उभ्या होत्या, दोन्ही हातांत बाटली, प्रसाद धरावा तशी. पदराने बाहेरून पुसून लख्ख केलेली.

"बराबर भरली, पाहून घे."

मी ती बर्फाच्या डब्यात ठेवली. तळाकडे पाहिलं नाही. पाहून उपयोगही नव्हता, भरल्यावर काहीच दिसत नाही.

त्या दिवशी आधी दोन डेअऱ्यांचे नमुने होते. आमचे लावायला दुपार झाली. दोन दिवसांनी तिन्ही बाटल्या निर्दोष. शेपटाकडचीही. मला आश्चर्य वाटलं, हे मी आज सांगते. तेव्हा मी त्या आश्चर्याला घासून पुसून खाली सही केली. आकडा डोळ्यांसमोर असताना शंका घेणाऱ्यांची मी नेहमी टिंगल केली आहे. जपानच्या किनाऱ्यावरचे कोळी त्या दिवसांत टीव्हीवर दिसायचे, हाताची घडी घालून उभे, समोर कोणी कागद धरलेला. स्टुडिओतले तज्ज्ञ म्हणायचे की या लोकांना आकडे कळत नाहीत. मीही सोफ्यावरून म्हणायची, खरंच कळत नाहीत.

गणपतीच्या आरतीनंतर तिवारीजींनी रिपोर्ट लाउडस्पीकरवर वाचला. "हमारी अपनी सुनंदा मैडम ने खुद जांच किया है!" टाळ्या झाल्या. पाणी उकळणं त्या संध्याकाळपासून घरोघरी थांबलं. वहिनी गर्दीतून माझ्यापर्यंत आल्या.

"मंग ठेवू ना प्रीतीले?"

"ठेवा," मी म्हटलं.

दिवाळीला आठवडा असताना प्रीतीला ताप आला, मग उलट्या, मग डोळे. आठवा संपत आला होता. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मूल गेलं, पोटातच. मुलगी होती. प्रीती वाचली, तेही डॉक्टर आधी सांगायला तयार नव्हते. बाकीचं मी लिहिणार नाही. ज्यांना वर्णनं हवी असतात त्यांना दुसरीकडे पुष्कळ मिळतील.

दुपारी दवाखान्याच्या बाकावर वहिनी आणि मी बसलो होतो. त्या रडत नव्हत्या. बराच वेळ काही हिशेब जुळत नसल्यासारख्या समोर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "कुठून आलं वं हे? पानी त चांगलं होतं. बाटली बी मी चांगली तीनदा विसळून भरली होती. खाली पांढरं पांढरं काही बसलं होतं, सारं काढून टाकलं."



पुढच्या सकाळी त्यांच्या नळाला मी स्वतः बाटली लावली. दोन दिवसांनी जो निकाल आला तो कोणत्याही नाल्याला शोभला असता. मी तो कागद घेऊन समितीसमोर उभी राहिले, पहिली तपासणी चुकली होती असं सांगितलं, रस्ता खोदायला लावला. नाल्याच्या कडेला पाइपाचा सांधा तळहाताएवढा उघडा होता. तिवारीजी म्हणाले, "मशीन की गलती होगी, मैडम." मी म्हटलं, मशीनची नाही. कोणाची, ते मात्र म्हटलं नाही. नेमक्या कुठल्या दिवशीच्या कुठल्या घोटातून ते प्रीतीला लागलं, हे कोणालाच सांगता येणार नाही. आमचं शास्त्र इतकं बारीक नाही. कदाचित रिपोर्टच्या आधीच लागलं असेल. मी या 'कदाचित'कडे दोन वर्षं येऊन बसायचे आणि दर वेळी तिथून उठायचे. 'ठेवा' म्हणणारी मी होते, आणि पांढरं काय आहे हे न सांगणारीही.

आणि वहिनींना मी ते नंतरही सांगितलं नव्हतं. स्वतःला पटवलं होतं की सांगितलं तर त्या उरलेलं आयुष्य त्या तीन विसळण्यांत काढतील. दयेचं नाव दिलं की भित्रेपणा किती नीटनेटका दिसतो. मी इतरांना ज्यासाठी नावं ठेवते त्यातलं एकही काम मी त्या दोन वर्षांत शिल्लक ठेवलं नाही.

तर यंदाचा भादवा. टीव्हीवर तीच बोट. समुद्राच्या पाण्याचे नियम वेगळे, तिथे बाटलीच्या तळाशी आमचं ते पांढरं लागत नाही. पण त्यांच्याही बाटलीचं काहीतरी असेलच, जे फक्त भरणाऱ्याला माहीत आणि किनाऱ्यावरच्या बाईला नाही. त्यांचे आकडे खोटे आहेत असं मला वाटत नाही. बहुतेक खरेच असतील. इतक्या देशांची माणसं एकमेकांवर नजर ठेवून आहेत, सहज चुकणार नाहीत. पण स्टुडिओतला तो तज्ज्ञ यंदाही म्हणाला की लोकांना समजत नाही, आणि मी रिमोट इतक्या जोरात दाबला की बटण आत गेलं. समजत नाही! कोणी बसून सांगितलं का कधी? त्या घडी घातलेल्या हातांना कोणी बाटली दाखवली का, की हे असं आणि हे यासाठी? तो तज्ज्ञ माझ्यासारखाच आहे. त्याला किक मारून निघायचं असतं.

प्रीतीला पुन्हा दिवस गेले आहेत, हे मला भाजीवाल्याकडून कळलं. मी वाट पाहिली. वहिनी येतील, ओट्याला टेकतील, विचारतील: ठेवू का पाठवू? मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. त्या आल्याच नाहीत. शेवटी मीच एक बाटली घेऊन गेले. कागद सोडून, तळ दिसेल अशी.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. घर शांत होतं.

"प्रीती?"

"गोंदियाले. मागच्याच महिन्यात सोडून आलो." सुपातून मान वर न करता. "यंदा कोनाले इचारलं नाही."

मी बाटली उजेडाकडे धरली. तळाशी तो डाग होता, नखाएवढा. मी सांगायला सुरुवात केली आणि मधे थांबले नाही: क्लोरीन, जंतू, हे पांढरं कशासाठी, ते विसळलं की काय होतं. त्या सकाळी काय झालं. दवाखान्यात त्या बोलल्या तेव्हा मला कळलं होतं, आणि तरी मी गप्प बसले. सगळं. सात-आठ मिनिटं लागली असतील. तेव्हाही एवढीच लागली असती.

वहिनींचा हात सुपात थांबला होता. बाहेर मंडपाचे बांबू उतरवत होते, त्यांचा आवाज येत होता.

"मले वाटलं," त्या हळूच म्हणाल्या, "तुया हातून धुवाची राहून गेली. म्हनूनच तू म्हनत होतीस, धुवू नका. का बा, कोनाले दिसू नाही म्हनून. तुया नावाची चिठ्ठी होती वं तिच्यावर. तशी घान बाटली कशी देनार होती मी, सारे हसले असते तुले."

पाट नव्हता, मी फरशीवर बसले.

वहिनींनी सूप बाजूला सारलं, उठल्या, माझ्याकडे न पाहता हात पुढे केला.

"दे इकडे. उद्या सहाले पानी येते." बाटली त्यांनी दिव्यासारखी समोर धरून तळाकडे पाहिलं, बोट न लावता. "आनि तू ये उद्या. उभी राय इथं, मी भरीन तवर."

सकाळी पावणेसहाला मी गेले. नळ आला, दोन मिनिटं वाहू दिला. त्यांचा उजवा हात सवयीने बाटली पाण्याखाली हेलकावायला निघाला. डाव्या हाताने त्यांनी स्वतःचं मनगट घट्ट धरलं, आणि बाटली भरली.